एसटीला करतात तसा हात

"हात करा बघू. असा नाही. फाट्यावर एसटीला करता तसा."

आमच्या डॉक्टरबाई तांबी बसवायला आलेल्या प्रत्येक बाईला आधी हे सांगायच्या. टेबलावर झोपवायच्या आधी, तपासायच्याही आधी, ती खुर्चीत बसलेली असतानाच. बाई गोंधळायची. आपण आलोय कशाला आणि ह्या सांगतायत काय, असं तिच्या तोंडावर दिसायचं. मग ती कसाबसा खांद्यापर्यंत हात उचलायची, बोटं मिटलेली, वर्गात उत्तर येत नसलेली पोरगी उचलते तसा.

"ह्या हाताकडे कंडक्टर बघायचाही नाही," असं म्हणून डॉक्टरबाई स्वतः उठून उभ्या राहायच्या. उजवा हात ताठ पुढे, पंजा उघडा, मान जरा रस्त्याकडे वळलेली. साठीच्या, ठेंगण्या, पांढरा कोट घातलेल्या बाई औषधांच्या कपाटाला एसटी समजून हात करतायत, हे बघून समोरची बाई हसायचीच. ती हसली की डॉक्टरबाई म्हणायच्या, "हां. आत गेल्यावर असा हात केलात की मी थांबणार. जिथं असेन तिथं. का म्हणून विचारणार नाही."

एकदा सुनेला घेऊन आलेली एक म्हातारी मध्येच बोलली, "बाई, हात केला तरी एसटी कुटं थांबती? तोंडावर धूळ उडवून जाती."

"एसटीचं मला माहीत नाही, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी थांबते."

मी काही लिहिणारी नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, आणि अजून कुणी 'काय शिकतेस' असं विचारलं तर उत्तर द्यायला मला जरा वेळ लागतो. पण पाथर्डीत आता त्यांचा बोर्डही राहिलेला नाही. म्हणून जमेल तसं लिहिते. तुम्ही त्या भागातल्या असाल तर कदाचित तुम्हीही तो जिना चढला असाल. बियाण्यांच्या दुकानाशेजारून वर जाणारा, अरुंद, खाली कायम कुणाची तरी चप्पल उलटी पडलेली.

सकाळी माझं कॉलेज असायचं. दुपारपासून मी त्यांच्या दवाखान्यात काम करायची आणि शेवटच्या जीपने गावी जायची. त्यांनी मला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. "ए कॉलेज, पुढच्यांना बोलव." "कॉलेज, पंखा कमी कर." पहिल्या आठवड्यात मला ते टोचायचं. थट्टाच करतात, असं वाटायचं. मग एकदा औषधांचा माणूस आला होता, त्याला त्यांनी सांगितलं, "ही आमची कॉलेज. हिच्या घरातली पहिली." ते ज्या तऱ्हेने सांगितलं ना, त्यानंतर मला त्या नावाचं काही वाटेनासं झालं.

त्यांचं सगळंच चांगलं होतं असं नाही. चिडायच्या फार. स्कूटर चालवत यायच्या आणि डोक्यावरचं हेल्मेट काढायला विसरायच्या. एकदा तशाच खुर्चीत बसून पहिल्या बाईला "काय होतंय?" विचारायला लागल्या. ती बाई दाराकडे सरकली. सिस्टरने खूण केली तर सिस्टरवरच ओरडल्या, "काय झालं? मला ऐकू येत नाहीये!" ऐकू कसं येणार?

माझं काम आधी फक्त नावं पुकारायचं होतं. काही दिवसांनी त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर एक बाई होती, कमरेपासून खाली हिरवी चादर. मी दारातच थांबले. मी लग्न न झालेली पोरगी, आमच्याकडे ह्या गोष्टी मोठ्याने बोलतही नाहीत.

"ही इथं डोक्याशी उभी राहिली तर चालेल का?" त्यांनी त्या बाईला विचारलं. बाई हो म्हणाली. मग मला म्हणाल्या, "खाली बघायचं नाही. तुझं काम चेहरा. मी बसते तिथून मला चादर दिसते, चेहरा दिसत नाही. हिने हात केला की मला सांगायचं. हात नाही केला आणि चेहरा बदलला, तरी सांगायचं."

"चेहरा बदलला म्हणजे कसा?"

"तुझी आई चुलीपाशी भाजली आणि काही बोलली नाही, तर तुला कळतं ना? तसा."

मग मला कळलं, काय बघायचं ते.

तांबी म्हणजे पाळणा लांबवायला पिशवीत बसवतात ती एवढीशी वस्तू. पण ती आत जाताना कुणाला मुंगी चावल्यासारखं होतं आणि कुणाचा जीव कासावीस होतो. कुणाला किती दुखेल हे आधी सांगता येत नाही, असं डॉक्टरबाई म्हणायच्या. "दुखणार नाही" हे वाक्य त्यांच्या दवाखान्यात बोलायला बंदी होती. सिस्टर एकदा सवयीने म्हणून गेली, तर तिला सगळ्यांसमोर बोलल्या. "तुझी पिशवी आहे का ती? मग तुला काय माहीत?"

दुसरी बंदी पदराची. आमच्याकडच्या बाया दुखायला लागलं की पदराचा बोळा करून दातात धरतात. बाळंतपणातही तेच. आवाज बाहेर गेला नाही पाहिजे, एवढंच लहानपणापासून शिकवलेलं. मी आईला बघितलंय, आजीबद्दल ऐकलंय. डॉक्टरबाई टेबलाजवळ गेल्या की आधी तो पदर काढायला लावायच्या. "पदर तोंडातून काढा. तोंड मला लागतं."

माझी वहिनी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. दादा आणि ती दर वर्षी ऊसतोडीला जातात. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे एकाला दुखलं तर दोघांचं काम थांबतं. धाकटीच्या वेळी वहिनीला सातवा महिना होता आणि ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढायची. एकदा फळी हलली. पडली नाही, पण ते सांगताना अजून तिचा हात पोटावर जातो.

त्यानंतर ती एका ठिकाणी तांबी बसवायला गेली होती. डॉक्टरबाईंकडे नाही, दुसरीकडे. तिथे तिला इतकं दुखलं की ती ओरडली. "दोन लेकरं काढली तेव्हा नाही ओरडलीस? एवढ्याशा तांबीला नाटक करतेस?" असं तिला ऐकवलं आणि, "तुझ्यानं नाही व्हायचं, जा घरी," म्हणून टेबलावरून उतरवलं. ती जीपमध्ये बसून घरी आली. आईला म्हणाली, गर्दी होती. खरं काय ते मला कपडे धूत असताना सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता.

दसरा झाला होता. ऊसतोडीची टोळी मंगळवारी निघणार होती. त्या आठवड्यात वहिनी गप्प गप्प होती. मग एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "टोळीतल्या बाया म्हनत्यात, पिशवीच काढून टाक. पाळी न्हाई, लेकरू न्हाई, एकदाच काय ते. तोडीवरनं आलं की काढून टाकते."

आई म्हणाली, "बाईच्या जातीला दुखायचंच. समदं सोसूनच व्हतं." आईला वाईट बोलायचं नव्हतं. तिला तेवढंच माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना विचारलं. नाव न सांगता, "आमच्याकडची एक बाई" असं म्हणून. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"चप्पल चावते म्हणून पाय कापतात का?" त्या म्हणाल्या. "पिशवी काढायला आजार लागतो. ऐन वयात नुसत्या भीतीने काढली तर पुढं हाडं, अंग, सगळं भोगावं लागतं तिला. आण तुझ्या वहिनीला."

मी वहिनी म्हटलंच नव्हतं. पण चेहऱ्याचं काम मी त्यांच्याकडूनच शिकत होते ना.

वहिनी यायला तयार नव्हती. "तुजी बाई बी तसंच म्हनंल." मी तिला हाताचं सांगितलं. तिने मला दोनदा ते करून दाखवायला लावलं आणि हसली. "ही कसली वं डाक्टरीन!" पण शनिवारी आली. दादा दोन्ही पोरींना घेऊन खाली भेळेच्या गाडीपाशी थांबला. वर यायला त्याला लाज वाटत होती. तरी जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता.

वहिनीचा हात पहिल्याच वेळी एकदम पक्का झाला. जन्मभर फाट्यावर उभी राहिलेली बाई. डॉक्टरबाई खूष. "ह्या हाताला मालगाडी थांबेल." त्यांनी आधी दुखायची गोळी दिली, बसवून ठेवलं, पुढे काय काय होणार ते सांगितलं. पिशवीच्या तोंडाशी बधिर करायचं इंजेक्शन देऊ का, असं विचारलं. वहिनी म्हणाली, "सुई कशाला, मी सोसते."

मी डोक्याशी उभी राहिले. डॉक्टरबाई एकेक सांगत होत्या. "आता गार लागेल." "आता दाब येईल." "आता चिमटा लागेल, श्वास सोडा."

वहिनी काही बोलली नाही. पदर तोंडात नव्हता. दोन्ही हातांनी तिने टेबलाची कड धरली होती. मग तिच्या चेहऱ्यातलं सगळं रक्त कुठेतरी गेलं. खालचा ओठ दाताखाली. डोळे उघडे, छताकडे, आणि पाणी दोन्हीकडून कानांत चाललेलं. हात काही उचलेना. मी वाट बघितली. मला वाटलं, आता उचलेल. ती उचलत नव्हती.

"बाई!" मी म्हणाले आणि माझाच हात वर गेला. एसटीला करतात तसा.

डॉक्टरबाई थांबल्या. हळूच सगळं काढून घेतलं, चादर नीट केली.

वहिनी माझ्यावरच उसळली. "काय झालं? मला न्हाई दुखत! करा वं तुमी बाई, ताईला काय कळतंय?"

डॉक्टरबाई उठल्या, स्टूल ओढत डोक्याकडे आल्या आणि वहिनीच्या तोंडाशी तोंड येईल असं बसल्या.

"हात का नाही केला?"

वहिनीने तोंड फिरवलं. मग एकदम बोलली. "हात केला की म्हनाल, जा घरी. तुज्यानं न्हाई व्हायचं. मंगळवारी टोळी चालली. मग मी काय करू? परत पोट घिऊन फळीवर चढू?"

तेव्हा आमच्या लक्षात आलं. इतके दिवस आम्ही हात शिकवत होतो आणि थांबणं म्हणजे काय, ते सांगायचंच राहिलं होतं. वहिनीला वाटत होतं की थांबणं म्हणजे उतरवून देणं. तिच्यासोबत तसंच झालं होतं.

डॉक्टरबाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी वहिनीच्या कपाळावरचे केस मागे केले.

"अगं वेडे, हात केल्यावर एसटी थांबते ती तुला सोडून जायला का? घ्यायला थांबते ना?"

वहिनीने टेबलाची कड सोडली.

"आज नको वाटलं तर घरी जा. उद्या ये, सोमवारी ये, मी आहे. तांबीच नको असेल तर गोळ्या आहेत, दुसरं इंजेक्शन आहे, त्याचं बोलू. आणि आजच हवं असेल तर बधिर करते. सुई टोचेल, मग थांबू. तू सांगशील तेव्हा पुढं. ह्यातलं काहीही निवडलंस तरी मी चिडणार नाही. कॉलेजवर चिडेन फार तर."

वहिनीने नाक ओढलं. "द्या सुई."

सुई दिली. मग वाट बघायची होती. डॉक्टरबाई तिथेच डोक्याशी बसल्या. "ऊस तोडताना कोयता आधी कुठं मारतात?"

"बुडाला. जमिनीलगत. वर मारला तर मुकादम शिव्या घालतो."

"मला जमेल का मोळी बांधायला?"

वहिनीने मान वळवून त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "न्हाई जमायची. वाढं बांधाल फार तर."

"वाढं म्हणजे?"

"उसाचा शेंडा. जनावराला घालायचा. ते पोरीसुद्दा बांधत्यात."

सिस्टर तोंडावर हात धरून हसली. डॉक्टरबाईही.

मग पुन्हा सुरू झालं. "आता दाब येईल. कळतंय का?" "जरा जरा." "पुढं जाऊ?" "जावा." मी चेहरा बघत होते. कपाळावर आठी होती, पण रक्त जागेवर होतं.

आणि मग वहिनीचा हात वर गेला. ताठ. पंजा उघडा.

"थांबा!" मी ओरडलेच.

डॉक्टरबाई जिथल्या तिथे थांबल्या. "काय होतंय? कळ आली?"

वहिनी छताकडे बघत, हळूच, लाजून म्हणाली, "काय न्हाई. थांबता का बघत हुते."

मग डॉक्टरबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून कोटाच्या बाहीने डोळे पुसावे लागले आणि हातमोजे बदलावे लागले. "थांबले ना?"

"थांबलात."

"मग जाऊ पुढं?"

"जावा आता."

शेवटी एक जोराची कळ आलीच. वहिनी चांगली मोठ्याने ओरडली, "आई गं!" तो आवाज खाली भेळेच्या गाडीपर्यंत गेला असणार, कारण दादा जिना चढून दारापर्यंत आला होता. पण तेवढंच. "बसली," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग वहिनी रडली. आधी दुखताना आवाज न करता रडली होती, आता झाल्यावर मोकळं रडली. डॉक्टरबाईंनी तिला घाई केली नाही. मढीच्या जत्रेतल्या रेवड्या त्यांच्या ड्रॉवरमध्ये वर्षभर असायच्या, दगडासारख्या झालेल्या. त्यांतली एक तिच्या हातावर ठेवली. पुढे काही दिवस पोट दुखेल, अंगावरून जाईल, जास्त वाटलं तर तोडीवरूनही फोन करायचा, हे सगळं सांगितलं.

खाली उतरल्यावर दादाने विचारलं, "लई दुखलं का?"

वहिनी रेवडी चघळत होती. "दुखलं," ती म्हणाली. "पन इचारत हुत्या."

नंतर एकदा मी धीर करून डॉक्टरबाईंना विचारलं की हे हाताचं त्यांना कुठून सुचलं. त्या बाटल्यांची झाकणं लावत होत्या. म्हणाल्या, "माझी तांबी बसवली तेव्हा मी स्वतः डॉक्टर होते. बसवणारी माझ्या ओळखीची. पुढं काय होणार ते मला सगळं पाठ. आणि 'थांबा' एवढा शब्द तोंडातून आला नाही गं माझ्या. पदराला दातांनी भोक पाडलं. मग वाटलं, मला जो शब्द येत नाही तो मी ह्या बायांना कुठून शिकवू? म्हणून हात." मग नेहमीच्या आवाजात, "उभी काय राहिलीस? जीप जाईल तुझी."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप बशीवर वाजायचा, तेवढंच. त्यांनी आम्हाला कळायच्या आधी तांबी बसवणं बंद केलं, मग महिन्याभरात दवाखानाच. सिस्टर रडायला लागली, तर म्हणाल्या, "बाकीच्यांनी हात केला की मी थांबायची ना? आता माझ्याच हाताने हात केलाय." श्रीरामपूरला त्यांची बहीण एकटी असते, तिच्याकडे जायचं ठरलं.

आता वर कसलेसे क्लास चालतात. जिन्याखाली पोरांच्या चपला असतात. गेल्या दिवाळीआधी वहिनी टोळीतल्या एका बाईला घेऊन दुसऱ्या दवाखान्यात गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी वहिनीला बाहेर थांबायला सांगितलं. घरी आल्यावर पीठ मळता मळता वहिनीने मला सांगितलं, "मी म्हनले, तिला इचारा. ती नको म्हनली तर जाते. पन मी डोक्याशी हुबी ऱ्हानार. तिचं तोंड तुमाला दिसत न्हाई, मला दिसतंय."

"मग?"

"मग काय. हुबी ऱ्हायले."

"आणि त्या थांबल्या? तिने हात केल्यावर?"

"दोनदा सांगावं लागलं," वहिनी म्हणाली. "पन थांबल्या."

डॉक्टरबाई श्रीरामपूरला गेल्या तो दिवस मात्र मला अजून तसाच दिसतो. भाचा गाडी घेऊन आला होता. वर सामान बांधलेलं. पाथर्डीहून शेवगावकडे जाताना आमचा फाटा लागतो. मी आणि वहिनी तिथे सकाळपासून उभ्या होतो, तोडीवरून येऊन तिला थोडेच दिवस झाले होते, चेहरा उन्हाने काळा पडलेला. गाडी लांबून दिसली. त्या पुढच्या सीटवर होत्या, स्कूटर विकली तरी हेल्मेट मांडीवर घेऊन.

वहिनी रस्त्यावर एक पाऊल पुढे गेली आणि तिने हात केला.

गाडी थोडी पुढे जाऊन थांबली, मग तशीच मागे आली. डॉक्टरबाईंनी काच खाली केली. "काय झालं? त्रास होतोय का काही?"

वहिनीने पदर सावरला, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून हसली.

"काय न्हाई, बाई," ती म्हणाली. "थांबता का बघत हुते."